तीन वर्तुळे आणि एक कबर

नागपूरच्या जरीपटका भागातील कब्रस्तानात जुलै २०२५ मध्ये एका कबरीजवळ उभे राहून न्यायालयाचा निकाल वाचून दाखवण्यात आला. कबरीतला माणूस मूळचा बिहारमधील मधुबनीचा. ११ जुलै २००६ रोजी मुंबईच्या लोकल गाड्यांत बॉम्बस्फोट झाले, त्या खटल्यात विशेष मोक्का न्यायालयाने २०१५ साली त्याला फाशीची शिक्षा सुनावली होती. नागपूरच्या मध्यवर्ती कारागृहात कैदी असतानाच २०२१ मध्ये तो कोरोनाने वारला. मुंबई उच्च न्यायालयाने २१ जुलै २०२५ रोजी या खटल्यातील बाराही जणांना निर्दोष ठरवले, तेव्हा त्याला मातीआड होऊन चार वर्षे झाली होती. घरच्यांनी मग निकाल कबरीपाशी नेला. ज्याला तो ऐकायचा होता, तो आता दुसरीकडे कुठे भेटणार होता?

निकाल लागला त्या दिवशी आमच्यापैकी काहींना अभिनंदनाचे फोन आले. कसले अभिनंदन? एकोणीस वर्षांनी सुटलेल्यांचे, की त्या गाड्यांत मेलेल्या १८९ माणसांचे? त्या माणसांना मारणारे कोण, हे निकालाच्या दुसऱ्या दिवशीही कुणाला ठाऊक नव्हते. आम्हाला त्या दिवशी आनंद झाला नाही. संताप आला, भीतीही वाटली. त्या संतापाची कारणे इथे मांडायची आहेत.

आपल्याकडे हा विषय निघाला की एक शब्द हमखास येतो, 'समतोल'. नागरी स्वातंत्र्य आणि राष्ट्रीय सुरक्षा यांचा समतोल साधला पाहिजे, असे संपादकीयात लिहिले जाते, विधिमंडळात बोलले जाते, महाविद्यालयांच्या वक्तृत्व स्पर्धांत तर हा पाठ्यविषयच झाला आहे. शब्द मोठा शहाणा वाटतो. एका पारड्यात स्वातंत्र्य, दुसऱ्यात सुरक्षा. इकडचे थोडे काढा, तिकडे टाका. पण हा तराजू आम्ही जवळून पाहिला आहे. काढले जाते ते एकाचे स्वातंत्र्य आणि सुरक्षा मिळाल्याचे समाधान होते दुसऱ्याचे. ज्याच्या घराचे दार मध्यरात्री कधी वाजत नाही, तो मोठ्या उदारपणे म्हणतो, 'देशासाठी थोडे सोसले पाहिजे.' सोसावे कुणी? मोमीनपुऱ्याने, मालेगावने, गडचिरोलीच्या आदिवासी पाड्याने. याला समतोल म्हणत नाहीत. दुसऱ्याच्या खिशातून दिलेले हे दान आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करू, नाहीतर पुढचे कुणी ऐकणार नाही. बॉम्ब ही कल्पना नाही. १२ मार्च १९९३ खरा आहे, ११ जुलै २००६ खरा आहे, २६ नोव्हेंबर २००८ खरा आहे. खुद्द नागपुरात १ जून २००६ च्या पहाटे संघाच्या मुख्यालयाबाहेर गोळीबार झाला. सरकारने नागरिकांचे रक्षण करावे, हेरखाते सावध असावे, गुन्हेगार पकडावा, त्याला शिक्षा व्हावी, हे आम्हालाही हवे आहे. मुसलमान लोकलने जात नाहीत काय? ८ सप्टेंबर २००६ रोजी, शब-ए-बरातच्या शुक्रवारी, मालेगावच्या बडा कब्रस्तानात स्फोट झाले, त्यात नमाजी मेले, भिकारी मेले, पोरे मेली. २६/११ च्या हल्लेखोरांना दफनासाठी जागा द्यायला मुंबईच्या बडा कब्रस्तानच्या विश्वस्तांनी नकार दिला. तो कुणी मागितलेला दाखला नव्हता, अंतःकरणातून आलेला धिक्कार होता. तेव्हा 'तुम्हाला देशाची सुरक्षा हवी की नको' हा प्रश्न आम्हाला विचारणे बंद करावे. सुरक्षा आम्हाला जास्तच हवी आहे, कारण स्फोटात आम्ही मरतो आणि स्फोटानंतर पुन्हा आम्हीच पकडले जातो.

मालेगावचे पुढे काय झाले ते आठवावे. मेलेले मुसलमान, आणि अटक झालेले नऊ जणही मुसलमान. पाच वर्षे ते तुरुंगात होते. २०११ मध्ये जामीन मिळाला. एक जण निकालाआधीच वारला. उरलेल्या आठांना २५ एप्रिल २०१६ रोजी विशेष न्यायालयाने दोषमुक्त केले, कारण राष्ट्रीय तपास संस्थेचा तपास तोवर वेगळ्याच दिशेला गेला होता. हा सगळा काळ खरे गुन्हेगार काय करत होते? मोकळे फिरत होते. खोट्या अटकेचा हा हिशेब कुणी मांडत नाही. 'शंभर निर्दोष अडकले तरी चालेल, पण एक बॉम्बवाला सुटता कामा नये' असे चहाच्या टपरीपासून टीव्हीपर्यंत सगळे म्हणतात. अरे बाबांनो, शंभर निर्दोष अडकतात तेव्हाच तर बॉम्बवाला सुटतो! आरोपी मिळाले, पत्रकार परिषद झाली, शाबासकी मिळाली की शोध थांबतो. पुरावे थंड होतात, साक्षीदार विसरतात, फाईल बंद होते. निर्दोषाचे स्वातंत्र्य आणि समाजाची सुरक्षा ही दोन पारड्यांतली वजने नाहीतच. ती एकाच पारड्यात आहेत. एक बुडाले की दुसरे बुडते.

हे असे का होते? पोलीस सगळे वाईट आहेत म्हणून नव्हे. कायदा त्यांना आळशी होण्याची सोय करून देतो म्हणून. पोलिसासमोर दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून चालणार नाही, हे आपल्या देशात १८७२ च्या पुरावा कायद्याने ठरवले. म्हणजे गोऱ्या राज्यकर्त्यालाही आपल्या ठाण्यात काय चालते ते ठाऊक होते. नवा भारतीय साक्ष्य अधिनियम आला, त्यातही ही तरतूद कायम आहे. मग टाडाने १९८५ नंतर ती बाजूला सारली, पोटाने २००२ मध्ये सारली, आणि आपल्या महाराष्ट्राच्या १९९९ च्या मोक्काने पोलीस उपायुक्त दर्जाच्या अधिकाऱ्यापुढचा कबुलीजबाब ग्राह्य धरला. टाडा गेला, पोटा गेला, मोक्का राहिला. लोकल स्फोटांचा खटला बऱ्याच अंशी अशाच कबुलीजबाबांवर उभा होता. उच्च न्यायालयाने ते तपासले तेव्हा त्यांत मजकूर एकसारखा आढळला, छळाची शंका खरी वाटावी असे आढळले. ओळखपरेड घेणाऱ्याला ती घेण्याचा अधिकारच उरलेला नव्हता. स्फोटात वापरलेला बॉम्ब कोणत्या प्रकारचा होता, हेसुद्धा सरकार पक्षाला सांगता आले नाही. एकोणीस वर्षे, आणि बॉम्ब कोणता ते माहीत नाही! यात देश सुरक्षित झाला तो कुठे?

या विषयावर नागपूरच्या एका माणसाने साठ वर्षांपूर्वी सांगून ठेवले आहे. आपण त्याचे नाव रस्त्याला-सभागृहाला देतो, पण त्याचे म्हणणे वाचत नाही. न्यायमूर्ती मोहम्मद हिदायतुल्ला इथल्या मॉरिस कॉलेजात शिकले, इथल्या उच्च न्यायालयात त्यांनी १९३० पासून वकिली केली, १९५४ मध्ये ते नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती झाले आणि १९६८ मध्ये देशाचे सरन्यायाधीश. १९६५ साली डॉ. राममनोहर लोहियांना पाटण्यात भारत संरक्षण नियमांखाली स्थानबद्ध केले गेले. आणीबाणी चालू होती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आले आणि ७ सप्टेंबर १९६५ रोजी निकाल लागला. तारीख लक्षात घ्या. आदल्याच दिवशी भारतीय फौजांनी लाहोरच्या रोखाने सरहद्द ओलांडली होती. पाकिस्तानशी युद्ध पेटले असताना, एका मुसलमान न्यायमूर्तीने सरकारला सांगितले की तुमचा आदेश नियमात बसत नाही. लोहिया सुटले.

त्या निकालात हिदायतुल्लांनी तीन वर्तुळांची कल्पना मांडली. सर्वांत मोठे वर्तुळ कायदा व सुव्यवस्थेचे. त्याच्या आत लहान वर्तुळ सार्वजनिक सुव्यवस्थेचे. आणि त्याच्याही आत सर्वांत लहान वर्तुळ राज्याच्या सुरक्षेचे. मारामारी झाली तर कायदा व सुव्यवस्था बिघडते, पण म्हणून सार्वजनिक सुव्यवस्था बिघडतेच असे नाही. दंगल झाली तर सार्वजनिक सुव्यवस्था बिघडते, पण म्हणून राज्य धोक्यात येतेच असे नाही. ज्या वर्तुळातला गुन्हा, त्या वर्तुळातला कायदा. स्थानबद्धतेच्या आदेशात 'कायदा व सुव्यवस्था' लिहिले होते, नियमात 'सार्वजनिक सुव्यवस्था' हवी होती. तेवढ्या फरकावर माणसाचे स्वातंत्र्य अवलंबून होते, आणि न्यायालयाने तो फरक क्षुल्लक मानला नाही.

आज झाले आहे ते असे की तिन्ही वर्तुळे एकमेकांवर आणून ठेवली आहेत. आमच्या विदर्भातलेच उदाहरण घ्या. २०१५ च्या बकरी ईदला पुसद येथे एका तरुणाने पोलिसांवर हल्ला केला. गुन्हा उघड होता आणि निंद्यही होता. पोलिसावर हात उचलणाऱ्याला शिक्षा झालीच पाहिजे. पण ते प्रकरण दहशतवादविरोधी पथकाकडे गेले, यूएपीए लागला, आणखी दोघांना अटक झाली, 'जिहाद' या शब्दावर सारा इमला रचला गेला. २०१९ मध्ये अकोल्याच्या विशेष न्यायालयाने तिघांनाही दहशतवादाच्या आरोपातून मुक्त केले. केवळ 'जिहाद' हा शब्द उच्चारला म्हणून कुणी दहशतवादी ठरत नाही, असे सांगितले. हल्ल्याबद्दल हल्लेखोराला तीन वर्षांची शिक्षा दिली. तेवढी तो आधीच भोगून बसला होता. म्हणजे न्यायाधीशांनी बाहेरच्या वर्तुळातला गुन्हा उचलून पुन्हा बाहेरच्या वर्तुळात ठेवला. पण तेवढ्यासाठी जवळजवळ चार वर्षे गेली, आणि उरलेल्या दोघांच्या आयुष्यातील ती वर्षे कोणत्याही वर्तुळात मोजली जाणार नाहीत.

यूएपीएची खरी शिक्षा निकालाने होत नाही. ती जामीन न मिळण्यातच भोगून होते. आरोपपत्रासाठी १८० दिवसांपर्यंत मुदत मिळते. पोलिसांचे कागद वाचून आरोप वरकरणी खरा वाटला तर जामीन देता येत नाही, असे २००८ च्या दुरुस्तीत लिहिले. २०१९ च्या वटाली निकालाने ते दार आणखी आवळले. २०२१ मध्ये नजीब प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने खटला रखडला तर जामीन देता येईल असे म्हटले. पण कोणाला ते लागू होते आणि कोणाला होत नाही, याचा अंदाज भल्याभल्या वकिलांना येत नाही. केंद्र सरकारने संसदेत दिलेल्या आकड्यांनुसार २०१६ ते २०२० या पाच वर्षांत या कायद्याखाली २४,१३४ जणांवर आरोप ठेवले गेले; त्यांतले २१२ दोषी ठरले आणि ३८६ निर्दोष सुटले. बाकीच्यांचे काय? ते वाट पाहत आहेत.

आणि हे फक्त आमचेच दुखणे आहे असे समजण्याची चूक आम्ही फार वर्षे केली. प्रा. जी. एन. साईबाबा याच नागपूरच्या तुरुंगात अंडा सेलमध्ये होते. नव्वद टक्के अपंग, चाकाच्या खुर्चीवर. मार्च २०१७ मध्ये गडचिरोलीच्या न्यायालयाने त्यांना जन्मठेप दिली. नागपूर खंडपीठाने १४ ऑक्टोबर २०२२ रोजी सुटकेचा आदेश दिला, तर दुसऱ्याच दिवशी, शनिवार असूनही सर्वोच्च न्यायालय बसले आणि आदेश थांबवला. ५ मार्च २०२४ रोजी याच खंडपीठाने त्यांना पुन्हा निर्दोष ठरवले. सात महिन्यांनी, १२ ऑक्टोबर २०२४ रोजी ते गेले. त्यांच्याबरोबरचा एक तरुण आदिवासी आरोपी तर २०२२ मध्ये कैदेतच मरण पावला होता. नागपूर विद्यापीठात इंग्रजी शिकवणाऱ्या प्रा. शोमा सेन आणि या शहरातले वकील सुरेंद्र गडलिंग यांना जून २०१८ मध्ये अटक झाली. सेन यांना सर्वोच्च न्यायालयातून जामीन मिळायला एप्रिल २०२४ उजाडले.

त्या दिवसांत आम्ही कुठे होतो? खरे सांगायचे तर घरात. 'ते नक्षल वगैरे आपले काम नाही, आपल्यामागे आधीच काय कमी आहे' असे आम्ही एकमेकांना समजावले. जमियतने आपल्या मुलांसाठी वकील दिले, चांगलेच केले. पण गडचिरोलीच्या गोंड पोरासाठी आमच्या एकाही मोहल्ल्यात सभा झाल्याचे आम्हाला आठवत नाही. संविधानाचा कलम २१ आम्हाला 'आपल्या' माणसांपुरताच आठवतो. हीच तर समोरच्यांचीही खोड आहे!

दुसरी कबुलीही देऊन टाकू. बंदीचे हत्यार सरकारच्या हातात देण्यात आमचाही हात आहे. १९८८ मध्ये रश्दींच्या पुस्तकावर बंदी आली, तेव्हा आमचे पुढारी ती आपली जीत म्हणून मिरवले. २००७ मध्ये हैदराबादेत तस्लिमा नसरीन यांच्यावर लोकप्रतिनिधींनी हल्ला केला, तेव्हा निषेध करणारे आवाज बोटावर मोजण्याइतके होते. हमीद दलवाईंना आयुष्यभर कोणत्या बोलण्याला तोंड द्यावे लागले, ते इथे सांगायला नको. 'भावना दुखावल्या, शांतता धोक्यात येईल, म्हणून बोलू देऊ नका' हे तत्त्व आम्ही मान्य केले. आज तेच तत्त्व आमच्या मोर्चावर, आमच्या घोषणेवर, आमच्या फेसबुकवरच्या दोन ओळींवर उलटले आहे. स्वातंत्र्य काही बकऱ्याचे मांस नव्हे, वाटा घेऊन निघून जायला. ते सगळ्यांचे असेल तरच आपले आहे.

तिसरी गोष्ट आणखी अवघड. लोकल स्फोटांचा निकाल २१ जुलैला लागला आणि त्यानंतर दहाव्या दिवशी, ३१ जुलै २०२५ रोजी, २९ सप्टेंबर २००८ च्या मालेगाव स्फोटाच्या खटल्यातले सातही आरोपी पुराव्याअभावी सुटले. सहा माणसे मेली होती. आमच्या मोहल्ल्यात पहिल्या निकालाला 'इन्साफ' म्हटले गेले आणि दुसऱ्याला 'नाइन्साफी'. पलीकडच्या वस्तीत नेमके उलटे. आमचे म्हणणे असे की मोजपट्टी एकच हवी. संशयापलीकडे पुरावा नसेल तर आरोपी सुटला पाहिजे, मग त्याचे नाव काहीही असो. दुःख त्याच्या सुटण्याचे नाही. तपास इतका दुबळा का राहिला आणि मेलेल्यांना न्याय कोण देणार, याचे आहे. मात्र सरकारनेही तीच मोजपट्टी लावावी. पहिल्या निकालाविरुद्ध राज्य सरकार लगोलग सर्वोच्च न्यायालयात धावले आणि २४ जुलैला तो निकाल इतर खटल्यांत आधार म्हणून वापरू नये असा आदेश मिळवला. दुसऱ्या निकालानंतर तशी धावपळ दिसली नाही. अपील घेऊन उच्च न्यायालयात गेली ती मृतांची घरची माणसे.

अशा वेळी हातातले कायदे तपासून पाहायचे, की नवे आणखी आणायचे? डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात विशेष जनसुरक्षा विधेयक मांडले गेले. कारण सांगितले शहरी नक्षलवादाचे. संयुक्त समितीकडे बारा हजारांहून अधिक सूचना आणि हरकती आल्या. १० जुलै २०२५ रोजी विधानसभेने ते मंजूर केले, आणि त्यानंतर अकराव्याच दिवशी लोकल स्फोटांचा निकाल आला. सरकारने त्या निकालावरून काही शिकण्याआधीच नवा कायदा पसंत केला होता. सभागृहात मांडलेल्या मसुद्यात बेकायदेशीर कृत्याच्या व्याख्येत प्रस्थापित कायदा आणि संस्था यांची अवज्ञा करण्यास उत्तेजन देणेही बसवले होते. शिक्षा दोन ते सात वर्षे. हिदायतुल्लांचे सर्वांत बाहेरचे वर्तुळ सर्वांत आतल्या वर्तुळात कोंबणे म्हणतात ते हेच. याच नागपुरात डिसेंबर १९२० मध्ये काँग्रेसने असहकाराचा ठराव पक्का केला, खिलाफतवाले खांद्याला खांदा लावून होते. याच नागपुरात १९२३ मध्ये झेंडा सत्याग्रह झाला, सरकारी मनाई मोडून लोक तिरंगी झेंडा घेऊन निघाले. या व्याख्येत ते सारे बसले असते. शेजारच्या छत्तीसगडने असाच कायदा २००५ मध्ये केला, आणि गरिबांना औषध देणारे डॉ. बिनायक सेन २००७ मध्ये त्याखाली आत गेले. त्याने छत्तीसगड सुरक्षित झाले का?

इंग्लंडचे उदाहरण देऊन आटोपते घेतो. १९७४ मध्ये बर्मिंगहॅमच्या दारूगुत्त्यांत स्फोट झाले, २१ माणसे मेली, सहा आयरिश माणसांना जन्मठेप झाली. तेव्हा तिथे 'आयरिश' हा शब्द जसा उच्चारला जाई, तसे आज आमचे नाव उच्चारले जाते. सोळा वर्षांनी, १९९१ मध्ये ते निर्दोष ठरले. पण तिथे सरकारने त्याच वर्षी फौजदारी न्यायव्यवस्था तपासायला आयोग नेमला, आणि चुकीच्या शिक्षा पुन्हा तपासणारे स्वतंत्र मंडळ १९९७ पासून कामाला लागले. आपल्याकडे विधी आयोगाने २०१८ मध्ये २७७ वा अहवाल दिला, खोट्या खटल्यात भरडल्या गेलेल्यांना भरपाई देण्याचा कायदा करा म्हणून सांगितले. त्या अहवालावर धूळ बसली आहे.

आमची मागणी भिकेची नाही. पोलिसासमोरचा कबुलीजबाब मोक्कातून काढा. यूएपीएच्या खटल्याला मुदत घाला, मुदत संपली की जामीन द्या. विधी आयोगाचा अहवाल कायद्यात उतरवा. आणि खोटा पुरावा रचणाऱ्या अधिकाऱ्याला निवृत्तीनंतरही जाब विचारा. यातली एकही गोष्ट बॉम्बवाल्याच्या सोयीची नाही. उलट तपास करणाऱ्याला घाम गाळायला लावणाऱ्या या गोष्टी आहेत, आणि घाम गाळल्याशिवाय खरा गुन्हेगार सापडत नाही. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने ठरवले की आणीबाणीतसुद्धा कलम २० आणि २१ स्थगित करता येणार नाहीत. युद्धातही जे काढून घेता येत नाही, ते शांततेच्या काळात एका फौजदाराच्या कागदावर कसे काढून घेता येते?

वर्धा रोडने जाताना तुरुंगाची भिंत डाव्या-उजव्या हाताला लागते आणि बसमधली माणसे तिकडे पाहत नाहीत. पाहावे. आत कोण आहे, त्याचे नाव कोणत्या जातीचे, कोणत्या धर्माचे, हे न विचारता पाहावे. जरीपटक्याच्या कबरीपाशी वाचलेला तो निकाल फक्त त्या एका घरासाठी नव्हता. आपल्या सगळ्यांना तो मोठ्याने वाचून दाखवला गेला आहे. निदान आपण तरी अजून जमिनीच्या वर आहोत, ऐकू शकतो.